सहाव्या कोर्टावरची मित्रा

मित्राला मॅचचा स्कोअर विचारला की ती आधी समोरच्या मुलीचा आकडा सांगायची. "फोर-सिक्स, टू-सिक्स," असं म्हणून ती गाडीत बसायची आणि मी गिअर टाकता टाकता तिची समजूत काढायची वाक्यं मनात जुळवायला लागायचे. दोन राउंडअबाउट गेल्यावर कळायचं की ही जिंकली आहे. एकदा मी तिला म्हटलं, "अगं, आपला स्कोअर आधी सांगायचा असतो."

"पण काकू, ती हरली ना. तिला जास्त वाईट वाटतंय. मग तिचं आधी."

तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

तिचं पूर्ण नाव संघमित्रा गजभिये. नागपूरला जन्मली आणि तीन वर्षांची असताना लंडनच्या कडेला पिनरला, आमच्या शेजारच्या घरात आली. आमची आणि त्यांची एक भिंत कॉमन आहे. ती आठ वर्षांची झाली तेव्हापासून संध्याकाळी त्या भिंतीतून टप्, टप् असा आवाज यायला लागला. आठवडाभर मी काही बोलले नाही. मग एके दिवशी तिची आई सुजाता पाटोडीच्या रश्श्याचा डबा घेऊन दारात आली. "ताई, पोरगी भिंतीला गादी लावून खेळते. बाहेर पाऊस असतो न. त्रास होत असेल तर सांगा." रस्सा इतका झणझणीत होता की त्रास होतो असं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

वडील मिलिंद हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायचे. त्यांनी आयुष्यात रॅकेट हातात धरलेली नव्हती. लहानपणी नागपूरला शाळेच्या वाटेवर एक क्लब लागायचा, त्याच्या जाळीबाहेर उभं राहून ते खेळ बघायचे. "आत जायचं असं आमच्या घरात कुणाच्या डोक्यातच नाही आलं, ताई," ते एकदा मला म्हणाले होते. "कुणी अडवलं असतं का, माहीत नाही. आम्ही विचारलंच नाही." सगळं टेनिस ते व्हिडिओ बघून शिकले आणि वहीत आकृत्या काढून मुलीला समजावायचे. त्यांची शिफ्ट असली की मंगळवारी आणि गुरुवारी मी मित्राला कोर्टवर सोडायचे. मी डेंटिस्टकडे रिसेप्शनला होते आणि तीनला सुटायचे. मला टेनिसमधलं काही कळत नाही, पण सात वर्षं मी ते गाडीच्या काचेतून बघितलं आहे.

तिच्या सवयी मला खेळापेक्षा जास्त आठवतात. मॅचआधी डब्यातला थंड वरणभात आणि लिंबाचं लोणचं ती उभ्यानंच खायची. बाकीच्या मुली केळी सोलत असायच्या, त्यांनी नाकं मुरडली तरी हिला पत्ता नसायचा. कौन्सिलच्या सार्वजनिक कोर्टवर ऑक्टोबरात ओली पानं पडलेली असत. ती पायाने आपल्या बाजूची पानं सरकवायची आणि मग नेटपलीकडे जाऊन समोरच्या मुलीच्या बाजूचीही सरकवून यायची. तिच्या मराठीत स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा नेहमी घोटाळा असायचा. "काकू, माझा रॅकेट गाडीत राहिला," "माझी खांदा दुखते." मी आधी सुधारायचे, नंतर सोडून दिलं. तिच्या तोंडी ते बरंच वाटायचं.

चौदा वर्षांखालच्या गटाची एक सेमीफायनल मला अजून दिसते. त्या वयाच्या स्पर्धांना अंपायर नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर हे ज्याचं त्यानं सांगायचं आणि दुसऱ्यानं मानायचं. सेट संपायला हिला एक पॉइंट हवा होता. समोरचीने मारलेला चेंडू मागच्या रेषेवर पडला, मित्राने "आउट" म्हटलं आणि सेट हिचा झाला. दोघी बाकाकडे निघाल्या. अर्ध्या वाटेत मित्रा थांबली, मागे वळून रेषेकडे बघितलं, आणि नेटपाशी जाऊन म्हणाली, "सॉरी, आय थिंक इट वॉज इन. युअर पॉइंट." तो सेट ती हरली आणि मग मॅचही.

त्या दिवशी मिलिंदही आले होते. परत येताना गाडी तेच चालवत होते. मग आरशातून मागे बघत म्हणाले, "तुला नक्की दिसला होता का, आत पडलेला?"

"नाही."

"मग?"

"बाबा, नक्की नाही दिसलं म्हणूनच दिला. शुअर नसलं तर तिचा असतो. रूल आहे."

मिलिंदने पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबवली आणि तिच्यासाठी हॉट चॉकलेट आणायला आत गेले. मी पाय मोकळे करायला उतरले, तेव्हा दाराशी ते मला हळूच म्हणाले, "ताई, एवढं सरळ राहून पुढं कसं होईल हिचं? पण सांगू कसा? दर रविवारी घरी वंदनेला पंचशील मीच म्हणवून घेतो. खोटं बोलायचं नाही हे मीच शिकवलं न."

सतराव्या वर्षी तिच्यासाठी अमेरिकेतून फोन यायला लागले. तिकडच्या कॉलेजांना टेनिसच्या टीम असतात आणि चांगल्या खेळाडूंना ते स्कॉलरशिप देऊन नेतात, हे मला तेव्हाच कळलं. अमेरिकेच्या मधल्या भागातल्या एका छोट्या गावातल्या कॉलेजच्या कोचने तिच्याशी व्हिडिओवर बोलून तिला जागा दिली. सुजाताने मला त्या गावाचे फोटो दाखवले. एक लांबलचक रस्ता, धान्याची मोठी कोठारं आणि नवीकोरी निळी कोर्टं.

जवळच ईलिंगला एका हॉलमध्ये दर पौर्णिमेला समाजाची मंडळी वंदनेला जमायची. तिथे तिचा सत्कार झाला. कुणीतरी शाल आणली होती. एका वयस्कर गृहस्थांनी भाषण केलं. आपल्यापैकी कुणी या खेळात इतकं लांब गेलेलं नाही, असं काहीसं ते म्हणाले आणि मिलिंद पहिल्या रांगेत मान खाली घालून बसून राहिले. मित्राला बोलायला सांगितलं तर ती माइकपाशी जाऊन म्हणाली, "थँक यू. मी अजून काही केलं नाही. मी करेन." एवढंच बोलून ती खुर्चीत परत आली. शाल तिच्या खांद्यावरून सारखी घसरत होती.

ती गेल्यावर मिलिंदने लॅपटॉप टीव्हीला जोडायची वायर आणली. कॉलेजच्या मॅचेस इंटरनेटवर दिसायच्या. मॅच तिकडे शनिवारी दुपारी असेल तर आपल्याकडे संध्याकाळी. सुजाता मला हाक मारायची आणि आम्ही तिघं सोफ्यावर बसायचो. तिथे एका टीमच्या सहा मुली सहा कोर्टांवर एकाच वेळी खेळतात. सगळ्यात तगडी पहिल्या कोर्टवर, मग दुसरी, असं करत सहावीपर्यंत. मित्राला सहावं कोर्ट मिळालं होतं. पण कॅमेरा होता पहिल्या कोर्टच्या डोक्यावर. सहावं कोर्ट पडद्याच्या पार कोपऱ्यात, अर्धं कापलेलं. तिने डाव्या बाजूने सर्व्ह केली तरच तिची पाठ दिसायची. तेवढ्यासाठी मिलिंद तीन तीन तास बसत. "ती बघा, आली," म्हणायचे. मी चष्मा लावेपर्यंत ती गेलेली असायची.

पहिल्या वर्षी ती दर रविवारी फोन करायची. सुजाता कधीकधी फोन माझ्या हातात द्यायची. तिकडे मॅच चालू असताना बाकीच्या मुली किती ओरडतात, हे तिने मला सांगितलं. समोरची सर्व्ह करताना तिला घालून पाडून बोलतात, तिच्या आईवरून, तिच्या ॲक्सेंटवरून. "मला ओरडता येत नाही, काकू. कोच म्हणतो, मित्रा, लाउडर. मी बाथरूममध्ये प्रॅक्टिस करते."

त्याच हिवाळ्यात डबल्सच्या एका मॅचमध्ये तिच्या जोडीदारणीने चेंडू बाहेर म्हणून सांगितलं आणि मित्राने हात वर करून तो आत असल्याचं सांगितलं. डबल्समध्ये जोडीदारांचं एकमत नसेल तर पॉइंट समोरच्यांना जातो. त्या एका पॉइंटवर त्या हरल्या आणि पुढे सगळी टीम हरली. परतीच्या बसमध्ये मित्राच्या शेजारी कुणी बसलं नाही. कोचने दुसऱ्या दिवशी तिला खोलीत बोलावून सांगितलं की आपण इथे पॉइंट भेट देत नाही. नीट दिसलं नाही तर चेंडू बाहेर समजायचा, समोरचेही तेच करतात.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"मी म्हटलं, ओके."

दुसऱ्या वर्षीचा तो शनिवार मात्र आमच्या गल्लीने साजरा केला. डबल्सचा एक गुण आणि पाच कोर्टांचे निकाल धरून टीम तीन-तीन अशी बरोबरीत होती आणि फक्त सहावं कोर्ट चालू होतं. बाकीच्या सगळ्या मुली तिकडे जाऊन उभ्या होत्या. पडद्याच्या कोपऱ्यात नुसत्या पाठी दिसत होत्या. मिलिंद टीव्हीपाशी गुडघ्यांवर बसले होते. मग एकदम त्या सगळ्या पाठी कोर्टात धावत गेल्या आणि त्यांच्या ढिगात मध्ये कुठेतरी मित्रा होती. सुजाताने तोंडावर हात ठेवला. मिलिंद उठले, स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभे राहिले. रडण्याचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून असणार. दुसऱ्या दिवशी ते गल्लीतल्या प्रत्येक घरी बर्फीचा बॉक्स देऊन आले, ज्यांना कधी नमस्कारही केला नव्हता त्यांच्याकडेसुद्धा. कॉलेजने पाठवलेला त्या क्षणाचा फोटो त्यांनी फ्रेम करून हॉलमध्ये लावला. त्यात मुलींनी मित्राला उचलून धरलं आहे आणि ती कॅमेऱ्याकडे बघत नाही.

त्यानंतर तिचे रविवारचे फोन कमी झाले. आधी आम्हाला वाटलं अभ्यास असेल. मग मनगट दुखायला लागल्याचं कळलं, मग ऑपरेशनचं. ऑपरेशन झालं त्या दिवशी सुजाता तिच्यापाशी जाऊ शकली नाही, तिला रजा मिळाली नाही. मित्राने दुसऱ्या दिवशी फोनवर डाव्या हाताने काढलेलं एक वाकडंतिकडं स्माइली पाठवलं. त्या उन्हाळ्यात तिला जागा देणारा जुना कोच दुसऱ्या मोठ्या कॉलेजात निघून गेला. नवीन कोच आपल्या ओळखीच्या चार मुली युरोपातून घेऊन आला. त्याने मित्राला पंधरा मिनिटांसाठी बोलावलं आणि पुढच्या वर्षीच्या टीममध्ये तिची जागा नसल्याचं सांगितलं. स्कॉलरशिप तिथे एकेका वर्षाची असायची आणि कोचला वाटलं तर ती पुढे मिळायची, हे आमच्यापैकी कुणी नीट वाचलंच नव्हतं. तो वाईट वागला नाही. त्याने तिला पाणीसुद्धा विचारलं, असं तिनेच सांगितलं. दुसऱ्या कॉलेजांनी घ्यावं म्हणून तिने कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंच्या यादीत नाव टाकलं. उन्हाळाभर वाट बघितली. सहाव्या कोर्टवरच्या, मनगटाचं ऑपरेशन झालेल्या मुलीला कुणाचा फोन आला नाही.

डिग्री अर्धी टाकून ती सप्टेंबरात परत आली. हीथ्रोवर आणायला मिलिंदबरोबर मीही गेले होते. ती मोठी झाली होती, खांदे रुंद, चेहरा ओढलेला. बॅगा दोनच होत्या. मिलिंदने तिच्या पाठीकडे बघितलं आणि विचारलं, "रॅकेट कुठं आहे?"

"दिल्या बाबा. तिथे एका मुलीला."

"साऱ्याच्या साऱ्या?"

"हो."

मिलिंदने दोन्ही बॅगा उचलून गाडीत ठेवल्या.

ते वर्ष त्या घरात फार वाईट गेलं. ती सकाळी एका पार्सलच्या गोदामात कामाला जायची आणि परत आली की खोलीत जायची. मिलिंदने पहिले काही महिने प्रयत्न केला. एकदा त्यांनी नवीन रॅकेट आणून जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवली. आठवडाभर ती तिला ओलांडून वर-खाली करत राहिली. शेवटी सुजाताने ती उचलून माळ्यावर टाकली. एका रविवारी घरी वंदनेला सगळे बसले होते, पंचशील म्हणायला सुरुवात झाली आणि मित्रा मध्येच उठून बाहेर गेली. मिलिंदना तो अपमान वाटला. त्या दिवशी त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच भिंतीतून ऐकला. "आम्ही काय कमी केलं, ते तरी सांग," ते पुन्हा पुन्हा विचारत होते. तिचं उत्तर ऐकू आलं नाही.

पुढच्या महिन्यात तिने ग्लासगोला एका कॉल सेंटरमध्ये नोकरी घेतली आणि गेली. अशी नोकरी लंडनमध्येही मिळाली असती.

माझी भाची ग्लासगोला डॉक्टर आहे. गेल्या मार्चमध्ये मी तिच्याकडे गेले तेव्हा सुजाताने माझ्याकडे जवसाची चटणी आणि शेवयांचं पाकीट दिलं. "घरी बोलवेल असं नाही वाटत, ताई. बाहेरच भेटा. जेवते का, तेवढं बघा." मित्राने मला तिच्या ऑफिसजवळच्या कॅफेत लंच ब्रेकमध्ये बोलावलं. पंचेचाळीस मिनिटं आहेत, असं तिने आधीच कळवलं होतं. गळ्यात ओळखपत्र, केस कापलेले. मी सूप मागवलं, तिने नुसता चहा.

मी इकडचं तिकडचं बोलत राहिले. तिच्या बाबांनी हॉलला नवीन रंग दिला आणि तिचा फोटो परत त्याच जागी लावला, हेही सांगून बसले. तिने कप खाली ठेवला.

"काकू, तो फोटो काढायला सांगाल?"

"का गं?"

ती काचेबाहेर बघायला लागली. बाहेर बारीक पाऊस होता आणि लोक छत्रीशिवाय चालले होते.

"लास्ट पॉइंट होता. तिकडे फॉर्टी-ऑल झालं की एकच पॉइंट खेळतात. तो जिंकला की गेम, मॅच, टीम, सगळं. तिने मारला. माझ्या पायाजवळ लाइनवर पडला." तिने टेबलावर बोट ठेवलं. "मी आउट म्हटलं."

"घाईत होतं बाळा. कुणाचंही होतं. नीट दिसलं नसेल."

"दिसलं, काकू. तेच सांगते. मला पूर्ण दिसलं. बॉल आत होती."

मी म्हटलं, "मग नंतर सांगायचंस."

"सगळ्या पळत आल्या ना. पहिल्यांदा मला कुणी मिठी मारली तिकडे." तिने कप बाजूला सरकवला. "ती समोरची मुलगी नेटपाशी उभी होती. तिने माझ्याशी हात मिळवला. तिला माहीत होतं. ती काही नाही म्हणाली. मग मला प्रत्येक मॅचमध्ये लाइन दिसेचना. काय आत, काय बाहेर, कळायचंच नाही. मनगट दुखलं तेव्हा मला बरं वाटलं. आता खेळायला लागणार नाही, असं."

"बाबांना सांग. ते समजून घेतील."

"हो. समजून घेतील," ती म्हणाली. "तेच नको मला."

मी तिचा हात धरला. तिने तो काढून घेतला नाही, पण त्यात काही जोरही नव्हता. मग तिने फोनमध्ये वेळ बघितली, चटणीची पिशवी घेतली, आणि जाण्याआधी माझं सूप गार झालं म्हणून काउंटरवर जाऊन ते गरम करून द्यायला सांगितलं. निघताना म्हणाली, "आईला सांगा, मी जेवते."

पिनरला परतले तेव्हा मिलिंद गेटपाशीच उभे होते. "कशी आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बरी आहे, चहा घेतला आम्ही, काम चांगलं आहे म्हणते. "आणि खेळाचं काही?" मी नाही म्हटलं. फोटोचं बोलायला तोंड उघडलं, पण ते इतक्या आशेने माझ्याकडे बघत होते की मी रेल्वेच्या गर्दीबद्दल काहीतरी बोलले आणि घरात आले. फोटो अजून तिथेच आहे. मित्रा त्यानंतर घरी आलेली नाही. तिने नंबर बदलला आहे, आणि नवा नंबर सुजाताकडे आहे, पण तो कुणाला द्यायचा नाही असं तिने सांगितलंय.

आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. कॅफेतून निघून मी समोरच्या स्टॉपवरून बस पकडली आणि वरच्या मजल्यावर खिडकीपाशी बसले. बस सिग्नलला थांबली होती. खाली मित्रा रस्ता ओलांडायला उभी होती, पिशवी छातीशी धरून. तिचं ऑफिस पलीकडेच होतं. सिग्नलवर चालणाऱ्यांसाठीचा हिरवा माणूस लागला, तिच्या आजूबाजूची सगळी माणसं रस्ता ओलांडून गेली आणि ती तिथेच उभी राहिली. लाल झाला. पुढे रस्त्याचं काम चालू असल्यामुळे आमची बस हलली नाही. पुन्हा हिरवा झाला, पुन्हा लोक गेले. तिचा ब्रेक संपून दहा मिनिटं झाली होती. ती समोर बघत होती, केस भिजून कपाळाला चिकटले होते. मी काचेवर टकटक केली, पण तेवढ्या वरून तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं. तिसऱ्यांदा हिरवा होऊन लाल झाला तेव्हा बस सुटली, आणि वळणापर्यंत मला ती फुटपाथच्या कडेला तशीच उभी दिसत होती.